शेवटच्या घरचा नळ काय सांगतो?



पावसाळा तोंडावर आला की ग्रामसंघाच्या बैठकीत पाण्याचा विषय निघतो आणि दोन मिनिटांत मिटतो. कुणीतरी म्हणतंच, "आता घराघरात नळ आलाय. टाकीत पावडर टाकतात. अजून काय पाहिजे?" 15 ऑगस्ट 2019 ला जलजीवन मिशनची घोषणा झाली, त्यानंतर आपल्याकडच्या कितीतरी वाड्या-वस्त्यांवर नळ पोचला. विहिरीवरची रांग आणि डोक्यावरचा दुसरा हंडा ज्यांनी काढलाय, त्यांना नळाचं मोल मी काय सांगणार!

पण या योजनेत घराला तीन गोष्टी मिळायला पाहिजेत. पाणी पुरेसं, म्हणजे माणशी रोज 55 लिटर. पाणी नियमित. आणि पाणी ठरलेल्या गुणवत्तेचं. पुरेसं आहे का ते हंडे मोजून कळतं, नियमित आहे का ते घड्याळ बघून कळतं. गुणवत्ता मात्र डोळ्याला दिसत नाही, म्हणून बैठकीत तीच राहून जाते.

टाकीतून निघालेलं पाणी वाटेत कसं बिघडतं?

आपल्या गावात पाणी चोवीस तास नसतं. सकाळी तासभर, कुठे एक दिवसाआड. पाणी चालू असतं तेव्हा पाइप आतून दाबाने भरलेला असतो. कुठे भेग असली तर पाणी बाहेर फुटतं, रस्त्यावर ओल दिसते, आपण म्हणतो पाणी वाया चाललंय. खरी गडबड पाणी बंद झाल्यावर होते. पाइप रिकामा होऊ लागला की आत ओढ तयार होते, आणि ज्या भेगेतून सकाळी पाणी बाहेर येत होतं त्याच भेगेतून आता बाहेरचं आत जातं. बाहेर काय असतं ते तुम्हीच आठवा. गटार, भांडी घासल्याचं पाणी, उकिरडा, संडासच्या खड्ड्याचा पाझर. दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं तेव्हा हे सगळं पुढे ढकललं जातं आणि पहिल्या हंड्यात पडतं.

त्यात आपण भर घालतो ती मोटारीची. पाणी कमी दाबाने येतं म्हणून कितीतरी घरांत नळाला थेट मोटार लावतात. मोटार पाणी ओढते तशी पाइपच्या भेगेतून घाणही ओढते, आणि ती फक्त मोटारवाल्याच्या घरी जात नाही, शेजारच्या नळालाही जाते. यावरून आपल्याच गटांत भांडणं झालेली मला माहीत आहेत. मोटार लावणारीला वाटतं ती फक्त जास्त पाणी घेते. शेजारणीच्या लेकराच्या पाण्यात काय जातं ते तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

व्हॉल्व्हचा खड्डा पण बघा. बऱ्याच ठिकाणी त्याला झाकण नसतं, आत पावसाचं पाणी साचतं, कधी बेडूक, कधी प्लास्टिक. व्हॉल्व्ह गळका असेल तर तो खड्डा म्हणजे घाण आत जायचं दारच. नळाला तोटी नसेल आणि पाइपचं तोंड मोरीत लोंबत असेल तरी तेच होतं.

2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, माणसं दगावली होती. पाण्यातून पसरणारी ही कावीळ, तिला हेपेटायटिस ई म्हणतात, धडधाकट माणसाला बहुतेक वेळा काही आठवड्यांत सोडून देते. गरोदर बाईला मात्र ती सोडत नाही. शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली तर शंभरातल्या वीस ते पंचवीस बाया दगावू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या गटात, शेजारात आत्ता कोण पोटुशी आहे ते आठवा आणि मग पुढचं वाचा.

पावडरीचा हिशोब

टाकीत टाकतात ती टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर. त्यातला क्लोरीन जंतू मारतो. हे आपल्या गटाच्या हिशोबासारखं समजा. टाकीत पावडर पडली ही जमा. पाण्यातला गाळ, शेवाळ, जंतू यांच्यावर क्लोरीन खर्च होतो. खर्च वजा जाता जी उरते ती शिल्लक, आणि पाइपच्या वाटेवर नवी घाण शिरली तर तिच्याशी लढते ती ही शिल्लक. म्हणून सरकारी मानक असं आहे की नळाच्या पाण्यात दर लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असलाच पाहिजे. साथीच्या काळात 0.5.

प्रमाण साधारण हजार लिटरला 5 ग्रॅम धरतात. म्हणजे 50 हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. पण पावडर कोरडी भुरभुरून टाकायची नसते. प्लास्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवायची, मग पाणी वाढवून दहा मिनिटं निवू द्यायची, वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं, खालचा चुना टाकून द्यायचा. नंतर अर्धा तास थांबून मगच व्हॉल्व्ह उघडायचा. हा अर्धा तास फार महत्त्वाचा. जंतू मरायला वेळ लागतो, आणि नेमका हाच अर्धा तास घाईत मोडला जातो, कारण आपणच पाणी सोडणाऱ्या दादांना फोन करत असतो, "अहो, कधी सोडताय?"

पावडर जुनी असेल तर सगळा हिशोबच चुकतो. चांगल्या टीसीएलमध्ये तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. पिशवी उघडी राहिली, ओल लागली, उन्हात पडली की तो उडून जातो. मग पाव किलो टाका नाहीतर अर्धा किलो, पाण्यात नुसता चुना. ग्रामपंचायतीत पावडर कुठे आणि कशी ठेवली आहे ते एकदा जाऊन बघा. पिशवीवरची तारीख वाचा.

आणि वासाचं. "पाण्याला पावडरचा वास येतो, चहा बिघडतो" अशी तक्रार आपणच करतो. मग जलसुरक्षक दुसऱ्या दिवशी पावडर कमी करतो, तिसऱ्या दिवशी विसरतो. मी त्याला दोष देणार नाही, शिव्या त्यालाच खाव्या लागतात. वास नको असेल तर पाणी भरून झाकण किलकिलं ठेवा, वरून स्वच्छ फडकं टाका. काही तासांत वास जातो. तक्रार करायचीच तर वास अजिबात येत नाही त्या दिवशी करा.

तपासायचं कुठे?

ओटी टेस्ट तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिली असेल. छोट्या नळीत खुणेपर्यंत नळाचं पाणी घ्यायचं, ओटीच्या द्रावणाचे सांगितलेले थेंब टाकायचे. फिकट पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. रंगच आला नाही तर शिल्लक शून्य. गडद पिवळं, नारिंगीकडे गेलं तर पावडर जास्त झाली. तपासलेलं पाणी ओतून द्यायचं, ते प्यायचं नाही, आणि बाटली लेकरांच्या हाताला लागू द्यायची नाही.

ही टेस्ट बहुतेक गावांत टाकीजवळच्या नळावर होते. टाकीजवळ पाणी पिवळं येणारच, पावडर तिथेच पडलेली असते. खरं कळतं ते लाइनच्या शेवटच्या घरी. तिथे पोचेपर्यंत सगळ्या भेगा, सगळे व्हॉल्व्ह, सगळ्या मोटारी पार झालेल्या असतात. आणि लाइनचं शेवटचं घर म्हणजे बऱ्याचदा गावाबाहेरची वस्ती, जिथलं म्हणणं ग्रामसभेतही शेवटीच ऐकलं जातं. त्या घरी रंग आला तर गावभर आला असं धरायला हरकत नाही. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे, एकच टेस्ट करायला वेळ असेल तर ती शेवटच्या घरी करा.

दुसरी चाचणी छोट्या काळ्या-पांढऱ्या बाटलीची. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण आणि किट द्यायची तरतूद आहे, त्या किटमध्ये ही बाटली असते. नळ दोन मिनिटं वाहू द्यायचा, बाटलीच्या तोंडाला आतून हात न लावता खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावून घरातल्या उबदार जागी ठेवायची. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर त्यात विष्ठेतले जंतू असण्याची शक्यता मोठी. काळी बाटली उघडून मोरीत ओतू नका, आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात द्या. आणि ग्रामपंचायतीला त्याच दिवशी कळवा, म्हणजे नमुना प्रयोगशाळेत जाईल. पक्कं उत्तर प्रयोगशाळेचंच.

तुमच्या गावातल्या त्या पाच जणी कोण, हे माहीत आहे का? मी विचारते तेव्हा बऱ्याच ठिकाणी नावं फक्त कागदावर निघतात. कुणाचं लग्न होऊन ती सासरी गेलेली असते, कुणाला आपलं नाव यादीत आहे हेच ठाऊक नसतं. किट कपाटात असते आणि तिची मुदत संपलेली असते.

घरात काय करायचं

पहिले एक-दोन हंडे पिण्याला घेऊ नका, सांडायला, झाडांना वापरा. पाणी गढूळ असेल तर गाळा. यात आपल्या आज्या शहाण्या होत्या. बांगलादेशात मतलब भागात शास्त्रज्ञांनी जुनी सुती साडी चार घड्या घालून पाणी गाळायला लावलं, तेव्हा त्या गावांत कॉलरा जवळजवळ निम्म्याने कमी झाला. हा अभ्यास 2003 मध्ये छापून आला. साडी जुनीच चांगली, कारण धुऊन धुऊन सूत सुटतं आणि विणीतली भोकं बारीक होतात. तरी गाळून सगळे जंतू जात नाहीत. तुरटीनेही जंतू मरत नाहीत, ती फक्त गाळ खाली बसवते. तुरटी फिरवून निवळ दिसलेलं पाणी शुद्ध झालं असं समजणं हा आपल्याकडचा सगळ्यात पक्का गैरसमज आहे.

लहान मूल, गरोदर बाई, आजारी माणूस घरात असेल तर पावसाळाभर पिण्याचं पाणी उकळा. खळखळ उकळी फुटल्यावर आणखी थोडा वेळ चुलीवर राहू द्या आणि त्याच भांड्यात झाकून गार करा. सरपण आणि गॅसचा खर्च मला माहीत आहे, म्हणून सगळ्यांसाठी रोज उकळा असं मी म्हणत नाही. उपकेंद्रातून क्लोरीनच्या गोळ्या किंवा द्रावण मिळतं, बाटलीवर लिहिलंय तितकंच टाका आणि अर्धा तास थांबा. पाणी काढायला लांब दांड्याचं भांडं ठेवा. हात बुडवून तांब्या भरला तर वरची सगळी मेहनत पाण्यात.

एक गोष्ट मात्र उकळूनही जात नाही. जमिनीतला फ्लोराईड आणि खतांचा नायट्रेट. उकळून पाणी आटतं आणि उरलेल्या पाण्यात त्यांचं प्रमाण उलट वाढतं. फ्लोराईड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या आणि नायट्रेट 45 च्या वर असलेलं पाणी पिऊ नये. यवतमाळसारख्या जिल्ह्यांत फ्लोराईडने दात पिवळे-तपकिरी पडलेली, हाडं वाकलेली माणसं आहेत. हे फक्त रासायनिक तपासणीत कळतं, आणि ती वर्षातून एकदा व्हायला हवी. तुमची योजना बोअरवर असेल तर हा अहवाल नक्की मागा.

महिला ग्रामसभेत काय विचाराल

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायचा नियम आहे. तिथे नुसतं "पाणी खराब येतं" म्हटलं की उत्तर मिळतं, "बघतो." कागद मागितला की गोष्ट बदलते. ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेबांना विचारा, पाणी तपासणीचा शेवटचा अहवाल कुठे आहे? पावसाळ्याआधी आणि नंतर स्वच्छता सर्वेक्षण होतं, त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपलं कोणतं? लाल-पिवळं असेल तर त्यात कोणत्या त्रुटी लिहिल्यात? टाकी शेवटची कधी धुतली? ती तारीख टाकीवर रंगवलेली असायला पाहिजे.

पैसे नाहीत असं उत्तर आलं तर हे लक्षात ठेवा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग बंधित होता, त्यातला निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. या निधीतून पाण्याच्या कोणत्या कामावर किती खर्च झाला आणि किती शिल्लक आहे, तो आकडा मागा. व्हॉल्व्हच्या खड्ड्याचं झाकण आणि गटारातून गेलेला पाइप बदलणं ही पाण्याचीच कामं आहेत. पाणीपुरवठा समितीत निम्म्या महिला असतात, त्यातल्या कोण आपल्या गटातल्या आहेत ते बघा आणि त्यांना एकटीला बोलायला लावू नका.

जाताना एक वही घेऊन जा. शंभर पानीच पुरे. तारीख, कोणाच्या घरी तपासलं, रंग आला की नाही, त्या दिवशी वस्तीत जुलाब-उलटीचं कुणी होतं का, एवढे चार रकाने. आठवड्यातून एक ओळ. तीन महिन्यांच्या बारा-तेरा ओळी सभेत वाचून दाखवल्या की कोणत्या आठवड्यात पावडर पडली नाही ते सगळ्यांना ऐकू जातं. पुढच्या महिन्यात मी बैठकीला येईन तेव्हा ही वही बघायला मागणार आहे. ओटीची बाटली संपली असेल तर उपकेंद्रात किंवा ग्रामपंचायतीत आत्ताच मागून ठेवा, पावसात ती लवकर मिळत नाही.