दोन ऋणभार कमी पडले की…

किनवट-माहूरच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे नाव नवे नाही. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब रसायनाच्या नळीत टाकतात. नळी गढूळ होऊन मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की नमुना इलेक्ट्रोफोरेसिसला जातो. तिथे विजेच्या ओढीने हिमोग्लोबिन धन टोकाकडे सरकते: निरोगी पुढे, सिकलचे मागे. वाहकाच्या रक्तात दोन्ही पट्टे दिसतात.

मागे पडण्याचे कारण विद्युतभार. बीटा साखळीत सहाव्या जागी ऋणभारित ग्लुटामिक आम्ल हवे, तिथे भारहीन व्हॅलिन येते. रेणूत अशा साखळ्या दोन, म्हणजे ५७४ अमिनो आम्लांत ऋणभार घटले फक्त दोन. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हा भारातला फरक १९४९ मध्ये पकडला.

पण एवढ्याशा भाराने बिघडावे काय? पेशीतले पाणी खारट. क्षारांचे आयन भाराभोवती गोळा होतात आणि त्याचा प्रभाव सुमारे ०.८ नॅनोमीटरपलीकडे विरत जातो. माळेगावच्या जत्रेत मारलेली हाक दोन माणसांपलीकडे जात नाही, तसेच. आता तांबड्या पेशीतली दाटी पाहा. लिटरमागे सुमारे ३४० ग्रॅम हिमोग्लोबिन! एका रेणूच्या वाट्याला जेमतेम सात नॅनोमीटर बाजूचा ठोकळा येतो, आणि रेणूच साडेपाच-सहा नॅनोमीटरचा. शेजाऱ्यांतली फट साधारण हाकेच्या टप्प्याएवढीच राहते.

भाराचा हा प्रभाव आकडेमोडीने तपासता येतो. पाणी एकसंध माध्यम मानायचे, प्रत्येक अणूवर त्याचा भार ठेवायचा, जागेची बारीक जाळी पाडायची आणि पॉइसन-बोल्ट्झमन समीकरण सोडवायचे. ऑक्सिजनविरहित सिकल हिमोग्लोबिनची रचना प्रोटीन डेटा बँकेत '२एचबीएस' या नावाने आहे, 'एपीबीएस' ही संगणकप्रणाली फुकट मिळते. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या विद्यापीठातला विद्यार्थीही हे साध्या लॅपटॉपवर करू शकेल. पडद्यावर ऋणभार लाल, धनभार निळा. सहाव्या जागेचा लाल ठिपका सिकलमध्ये गायब.

या रंगीत नकाशावर मात्र फार भाळू नये. रेणू चिकटतात ते भाराच्या ओढीने नव्हे. ऑक्सिजन सुटल्यावर शेजारच्या बीटा साखळीत फेनिलअ‍ॅलनिन ८५ आणि ल्युसिन ८८ यांच्यामधली तेलकट खाच सापडते, आणि पाण्याचा तिटकारा असलेले व्हॅलिन तिच्यात घुसते. असे रेणू एकमेकांना जुळत जाऊन तंतू बनतात. ग्लुटामिक आम्लाला तसे जमत नाही, कारण भाराभोवतालचे पाणी सोडायला बरीच ऊर्जा लागते. संगणकाचा खरा उपयोग हा खर्च मोजण्यात आहे. हिमोग्लोबिन-सी मध्ये त्याच जागी धनभारित लायसिन असते. तिथेही सिकलसारखे तंतू होत नाहीत, स्फटिक होतात.

गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनची गॅमा साखळी या तंतूंत नीट बसत नाही. सिकलसेलच्या रुग्णांना हायड्रॉक्सियुरिया देतात ते याच हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढावे म्हणून.