स्वाईन फ्लू : भिऊ नये, पण थांबूही नये

सन २००९ चा ऑगस्ट महिना आम्हांला चांगला आठवतो. पुण्यात स्वाईन फ्लूची साथ आली होती. ३ ऑगस्टला तेथे चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी दगावली. या रोगाने भारतात झालेला तो पहिला मृत्यू. पुण्यातल्या शाळा बंद झाल्या. नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या. जो तो तोंडाला रुमाल बांधून फिरू लागला.

ती भीती कोळवणलाही आली. पुण्याहून एसटीने घरी आलेल्या माणसाकडे शेजारी संशयाने पाहू लागले. आम्ही तेव्हा शाळेत शिकवीत होतो. लोक आम्हांला प्रश्न विचारीत. तेच प्रश्न आजही विचारतात. त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

हा रोग डुकरांमुळे होतो का?

स्वाईन म्हणजे डुक्कर. डुकरांच्या फ्लूच्या विषाणूंपासून हा नवा विषाणू तयार झाला. म्हणून हे नाव पडले. पण आता हा रोग माणसाकडूनच माणसाला होतो. गावातली डुकरे हाकलून साथ थांबत नाही.

तो पसरतो कसा?

आजारी माणूस खोकतो, शिंकतो. तोंडातून बारीक थेंब उडतात. त्यांत विषाणू असतात. ते जवळच्या माणसाच्या नाकातोंडात जातात. हाताला लागतात. तोच हात आपण नाकाडोळ्यांना लावतो. भातलावणीच्या वेळी एकच तांब्या सगळ्यांच्या तोंडाला लागतो. त्यातूनही रोग पसरू शकतो. म्हणून पाणी वरून प्यावे. खोकताना तोंडावर रुमाल किंवा पदर धरावा. हात साबणाने धुवावेत. ताप आलेल्याने पाच-सात दिवस घरीच राहावे. लग्नाला, जत्रेला जाऊ नये.

रोग ओळखावा कसा?

एकदम ताप भरतो. अंग मोडून येते. घसा दुखतो, खोकला येतो. बहुतेक माणसे विश्रांतीने आठवड्यात बरी होतात. त्यांनी घाबरू नये.

मग धोका कोणाला?

गरोदर बाईला, लहान मुलाला, म्हाताऱ्या माणसाला. तसेच दमा, साखर किंवा हृदयाचा आजार असलेल्याला. यांनी ताप येताच डॉक्टरकडे जावे. ‘आजचा दिवस काढा घेऊन बघू,’ असे म्हणू नये. काढ्याने घशाला बरे वाटेल, पण विषाणू मरत नाही. या रोगावर ऑसेल्टामिविर नावाचे औषध आहे. ते पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले, तर चांगला गुण येतो. मात्र ते डॉक्टरला विचारूनच घ्यावे.

धाप लागली, छातीत दुखू लागले, ओठ निळे पडले, माणूस गुंगीत गेला, लेकराने पिणे सोडले, तर रात्र म्हणू नये, पाऊस म्हणू नये. दवाखाना गाठावा. पौडला ग्रामीण रुग्णालय आहे. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

लस घ्यावी का?

होय. ज्यांना धोका जास्त, त्यांनी तर घ्यावीच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० साली नाकात फवारण्याची लस काढली होती. दंडात टोचण्याची लसही मिळते. विषाणू आपले रूप पालटतो. म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. तिचा गुण यायला सुमारे दोन आठवडे लागतात. तेव्हा ती पावसाळ्याआधी घेतलेली बरी.

लशीने दंड दुखेल, थोडी कसकस वाटेल. पण टोचलेल्या लशीने फ्लू होत नाही. लस घेऊनही एखाद्याला फ्लू होतो, पण जिवाचा धोका कमी होतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देत नाहीत. त्याच्या आईने गरोदरपणी लस घेतली, तर तिचे बळ बाळाला मिळते. आपल्या आशाताईंना याविषयी विचारा.

१९१८ साली फ्लूचीच मोठी साथ आली होती. लोक तिला मानमोडी म्हणत. आपल्या देशात एक कोटीहून जास्त माणसे गेली. त्या वेळी लस नव्हती, औषध नव्हते. आज दोन्ही आहेत. पण ती आपल्या दारी चालत येणार नाहीत. आपण वेळेवर उठून गेले पाहिजे.