धावपट्टी नसेल तिथे डॉर्नियर

जून १९२५. उत्तर ध्रुवापासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर सहा माणसे बर्फ फोडत होती. ध्रुवसंशोधक रोआल्ड आमुंडसेनची दोन विमाने तिथे उतरली होती. त्यातले एक निकामी झाले. उरलेल्या ‘एन २५’ला उडण्यापुरती वाट हवी, म्हणून हाताशी होती त्या तुटपुंज्या हत्यारांनी बर्फ तासायचा, पायांनी तुडवून घट्ट करायचा. अखेर १५ जूनला तिघांचे ते विमान सहाजणांना घेऊन हवेत उठले.

हे विमान होते डॉर्नियर ‘वाल’, म्हणजे देवमासा. त्याचे नावेसारखे पोट लाकडाचे नव्हते, ड्युरॅल्युमिन या हलक्या मिश्रधातूचे होते. पंखावर पाठीला पाठ लावून दोन इंजिने बसवलेली. एक ओढणार, दुसरे ढकलणार. पोटाच्या दोन्ही बाजूंना आखूड पंख होते, पाण्यात तोल सांभाळायला. गंमत अशी, की हे जर्मन विमान बनत होते इटलीत, पिसाजवळ. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्साय तहाने जर्मनीत विमाननिर्मितीवर निर्बंध घातले होते.

फ्रीडरिक्सहाफेनमध्ये हवाईजहाजे बांधणाऱ्या झेपेलिनच्या हाताखाली तयार झालेल्या, ‘वाल’च्या निर्मात्या क्लॉड डॉर्नियरला पुढे आकाराचा मोह पडला. त्याच्या ‘डीओ एक्स’ला चक्क १२ इंजिने! इंजिनांची सूत्रे वैमानिकाकडे नव्हती. जहाजासारखी वेगळ्या इंजिनखोलीत होती. २१ ऑक्टोबर १९२९ रोजी ते १६९ जणांना घेऊन उडाले, त्यात नऊजण चोरून चढलेले. पण अटलांटिक ओलांडायला निघाले नोव्हेंबर १९३० मध्ये आणि न्यूयॉर्कला पोचले ते ऑगस्ट १९३१ मध्ये. मध्ये लिस्बनला पंखाला आग लागली होती. अभियांत्रिकीचा चमत्कार खरा, पण धंद्याच्या दृष्टीने पांढरा हत्तीच.

मग आले दुसरे महायुद्ध. लंडनवर बॉम्ब टाकणाऱ्यांत डॉर्नियरची विमाने होती आणि कारखान्यांत सक्तीने राबवलेले मजूर होते. कंपनीच्या इतिहासातले हे पान झाकता येत नाही.

युद्धानंतर पुन्हा बंदी आली. या वेळी आसरा मिळाला स्पेनमध्ये. तिथून पुढे आखूड पट्टीवरून उठणारी छोटी विमाने आली, आणि १९८१ मध्ये ‘डॉर्नियर २२८’ उडाले: १९ आसने, दोन टर्बोप्रॉप इंजिने, खास घडवलेला पंख. मूळ कंपनी पुढे एका हातातून दुसऱ्या हातात गेली; तिचा विमानधंदा २००२ मध्ये दिवाळखोरीत गेला.

विमान मात्र टिकले. परवाना घेऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स ते कानपूरला बनवू लागली. गोव्यात दाबोळीच्या नौदल तळावरून समुद्रावर टेहळणीला जाते ते हेच ‘डॉर्नियर’.