घाव एक, इजा दोन

बोटात काटा रुतला की बोट लाल होते, गरम होते, सुजते आणि ठणकते. पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने दाहाची हीच चार लक्षणे नोंदवून ठेवली आहेत. दाह ही शरीराची संरक्षणव्यवस्था होय. परंतु तोच दाह मज्जारज्जूत झाला तर काय होते?

माझे मामा आंब्याच्या झाडावरून पाठीवर पडले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे मामांनी मलाच विचारले, ‘‘अगं, दोर तुटला नाही म्हणतात. पडलो त्या संध्याकाळी पाय थोडे हलत होते. मग दुसऱ्या दिवशी ते का गेले?’’ मी कलाशाखेची विद्यार्थिनी. तरी ग्रंथालयात बसून जे उमगले, ते येथे मांडते.

मज्जारज्जू साधारण करंगळीएवढा जाड व सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असतो. तो मणक्यांच्या हाडांच्या नळीत असतो. बोट सुजले तर कातडी ताणते. येथे ताणायला जागाच नाही. सूज आतल्या आत दाबते, रक्तवाहिन्या चेपतात आणि मार न लागलेला भागही प्राणवायूवाचून मरू लागतो.

दुसरे कारण पेशींचे. मज्जारज्जूत ‘मायक्रोग्लिया’ नावाच्या पहारेकरी पेशी असतात. स्पेनचे पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांची स्वतंत्र ओळख पटवली. इजा होताच त्या ‘सायटोकाइन’ नावाची द्रव्ये सोडतात. ही जणू दवंडीच! ती ऐकून काही तासांत रक्तातील न्यूट्रोफिल आणि काही दिवसांत मॅक्रोफेज पेशी धावून येतात. त्या मेलेल्या पेशींचा कचरा उचलतात हे खरे. पण त्यांनी सोडलेल्या द्रव्यांनी शेजारचे धडधाकट मज्जातंतूही पोळतात. आग विझवायला आलेल्या गर्दीने शेजारचे उभे पीक तुडवावे, तसे हे. म्हणून शास्त्रज्ञ दोन इजा मानतात : पहिली आदळण्याची, क्षणात होणारी, दुसरी काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत चालणारी.

मग दाह दाबूनच टाकावा, असे कोणीही म्हणेल. १९९० मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीनंतर मिथिलप्रेडनिसोलोन हे औषध आठ तासांच्या आत देण्याची पद्धत पडली. पुढे फायद्याविषयी शंका आल्या, जंतुसंसर्गासारखे धोके दिसले. २०१३ मध्ये अमेरिकेतील न्यूरोसर्जनांच्या मार्गदर्शिकेने ते वापरू नये असे सांगितले. उलट १९९८ मध्ये इस्रायलच्या मिखाल श्वार्त्झ यांच्या गटाने विशिष्ट प्रकारे चेतवलेल्या मॅक्रोफेज पेशी टोचल्या, तेव्हा उंदरांच्या पायांत थोडी हालचाल परतली. मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगात मात्र मार नसतानाही रक्षक पेशी तंतूंचे आवरण कुरतडतात; तेथे त्यांना आवर घालणारी औषधे उपयोगी पडतात. तात्पर्य, दाह सरसकट शत्रू नव्हे. तो कोठे, केव्हा आणि किती, हाच खरा प्रश्न आहे.

आमच्याकडे पडलेल्या माणसाला दोघांनी हातपाय धरून उचलायचे, खाटेवर टाकायचे आणि ‘सकाळी बघू’ म्हणायचे, अशी रीत आहे. पण दुसरी इजा सकाळची वाट पाहत नाही. वाचकहो, अशा माणसाला बसवू नका, वळवू नका. मान व पाठ सरळ राहू द्या आणि लगेच १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. पहिली इजा कोणाच्याच हाती नसते. दुसरी थोडीफार तरी आपल्या हाती असते.

— द्वितीय वर्ष, कला