गीझर चालू, दार बंद

थंडी पडली की ही बातमी येतेच. आंघोळीला गेलेलं माणूस बराच वेळ बाहेर आलं नाही, दार तोडलं, आत बेशुद्ध सापडलं, गॅस गीझर चालू होता. मुंबई, पुणे, नाशिक. गाव बदलतं, तपशील तोच. आग नाही, धूर नाही, वासही नाही. मग माणूस जातं कशानं?

साधा हिशेब करून बघू. मिनिटाला सहा लीटर पाणी पंचवीस-तीस अंशांनी तापवायला गीझर साधारण 16-17 ग्रॅम गॅस जाळतो. तेवढा गॅस पूर्ण जळायला सुमारे 200 लीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये हवा असते जेमतेम 5,400 लीटर. गारठा आत येऊ नये म्हणून खिडकी घट्ट लावलेली. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीत एक तृतीयांशाहून जास्त हवेतला ऑक्सिजन संपायला हवा. प्रत्यक्षात त्याआधीच ज्योत बिघडते. निळी असायची ती पिवळी पडते, आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, गुडघ्यांतलं बळ जातं. दाराची कडी हातभर अंतरावर असते, पण तिथवर पोचण्याचं त्राण उरत नाही.

बाळंतिणीच्या खोलीत दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी ठेवायची आपली जुनी पद्धत याच कारणानं धोक्याची आहे. शेक द्यायला हरकत नाही. पण खोलीत खेळती हवा हवीच. निखारा लालभडक झाला, धूर थांबला म्हणजे धोका टळला, असं होत नाही. धूर न करणारा निखाराही हा वायू सोडतच असतो.

धोका नाकाला कळत नाही, तर यंत्राला कळवू द्यावं, हा विचार योग्यच आहे. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्ममध्ये एक छोटा विद्युत-रासायनिक सेल असतो. वायू आत शिरला की त्याची इलेक्ट्रोडवर अभिक्रिया होते आणि वायूच्या प्रमाणात वीज वाहते. हवेतलं प्रमाण आणि वेळ, दोन्ही बघून भोंगा वाजतो. अमेरिकेतल्या यूएल 2034 या मानकानुसार दहा लाख भागांत 70 भाग वायू असेल तर एक ते चार तासांत, 400 भाग असेल तर 4 ते 15 मिनिटांत तो वाजायला हवा. हा सेल काही वर्षांनी निकामी होतो, म्हणून डब्यावरची मुदत बघायची.

दुकानात घोळ होतो तो इथे. 'गॅस डिटेक्टर' म्हणून मिळतो तो बहुधा एलपीजीची गळती ओळखणारा असतो. कार्बन मोनॉक्साइड त्याला कळेलच असं नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा डिटेक्टर खाली लावायचा. पाइपचा गॅस हलका, त्याचा छताजवळ. धुराचा अलार्मही छताला, आणि तो झोपायच्या खोल्यांपाशी हवाच, कारण झोपेत नाकावर भरवसा ठेवता येत नाही. कार्बन मोनॉक्साइड हवेत सगळीकडे मिसळतो; त्याचा अलार्म शयनगृहाजवळ, श्वासाच्या उंचीवर चालतो. वीज गेली तरी चालणारा, बॅटरीचाच घ्या.

पण बाथरूमच्या आत तो लावू नये. वाफेनं सेन्सर बिघडतो. शिवाय चार मिनिटंसुद्धा तिथे फार असतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: गॅस गीझर बाथरूममध्ये असूच नये. तो बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि गरम पाणी नळानं आत आणावं. अलार्म हवा, पण चुकीच्या जागी बसवलेला गीझर त्यानं सुरक्षित होत नाही. एक्झॉस्ट फॅनवरही विसंबू नका. हवा आत यायला वाट नसेल तर तो बाहेर तरी काय टाकणार?

आणखी एक गोष्ट. कोविडपासून घरोघरी ऑक्सिमीटर आहे. या विषबाधेत तो फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं, आणि माणूस गुदमरत असताना तो 98 दाखवू शकतो. खरं प्रमाण रक्ततपासणीतच कळतं. साध्या हवेत श्वास घेताना हा वायू रक्तात निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. म्हणून कोणी बाथरूममध्ये पडलेलं दिसलं तर श्वास रोखून गीझर बंद करा, त्याला उघड्यावर आणा, 108 ला फोन करा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, 'गॅस गीझर चालू होता.'