कायद्याच्या प्रवेश परीक्षेत गुण कसे वाढवावेत?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली लंडनच्या ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव नोंदवले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून मायदेशी परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. पुढे मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले. त्यांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ विधी महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. आपल्या समाजातील मुलामुलींनी कायदा शिकावा ही त्यामागची तळमळ होती, हे वेगळे सांगायला नको.

आज विधी महाविद्यालयांची संख्या पुष्कळ वाढली आहे, परंतु दाराशी प्रवेश परीक्षा उभी आहे. आमच्या मंडळाच्या अभ्यासिकेत येणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक नेहमी विचारतात, "अभ्यास तर रोज करतो, सराव परीक्षाही देतो, मग गुण वाढत का नाहीत?" ह्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न ह्या लेखात आम्ही करीत आहोत. महागडा क्लास लावणे ज्यांना परवडत नाही, जे मराठी माध्यमातून शिकले आणि ज्यांच्या घरात अजून कोणी वकील झालेले नाही, अशा विद्यार्थ्यांसाठी हा लेख मुख्यत्वे आहे.

परीक्षा कोणत्या?

आपल्या विद्यार्थ्यांना दोन परीक्षा विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली महाराष्ट्र राज्याच्या सीईटी कक्षाची विधी सीईटी. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ती वेगवेगळी होते. ही परीक्षा संगणकावर असते, प्रश्न इंग्रजी व मराठी दोन्ही भाषांत असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. पूर्वी १५० प्रश्न असत, २०२५ पासून १२० प्रश्न आणि दोन तास अशी रचना झाली. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी कायदेविषयक कल ३२, तर्कशक्ती ३२, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी २४, इंग्रजी २४ आणि गणित ८ अशी प्रश्नांची विभागणी त्या वर्षी ठरली. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी इंग्रजी ४०, सामान्य ज्ञान ३२, कायदेविषयक कल २४ व तर्कशक्ती २४ अशी होती.

दुसरी परीक्षा म्हणजे क्लॅट. बंगलोर, मुंबई, नागपूर, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) इत्यादी ठिकाणच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांतील प्रवेश तिच्यावरून होतात. ही परीक्षा फक्त इंग्रजीत आणि कागदावर होते. बारावीनंतरच्या क्लॅटला १२० प्रश्न, दोन तास, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा असा नियम आहे. बहुतेक प्रश्न साडेचारशे शब्दांपर्यंतच्या उताऱ्यांवर असतात. म्हणजे ती खरे तर वाचनाचीच परीक्षा आहे.

दोन्ही परीक्षांच्या रचनेत अधूनमधून बदल होतो. म्हणून अभ्यासाला बसण्यापूर्वी त्या वर्षीची अधिकृत सूचना वाचावी, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

सम्यक व्यायाम

भगवान बुद्धांनी सांगितलेल्या अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम, म्हणजे योग्य प्रयत्न, हे एक अंग आहे. त्याचे चार भाग आहेत: जो दोष अजून उत्पन्न झालेला नाही तो होऊ न देणे, जो झाला आहे तो दूर करणे, जो गुण अंगी नाही तो आणणे आणि जो आहे तो राखून वाढवणे. हा उपदेश मनाच्या शुद्धीसाठी आहे याची आम्हाला जाणीव आहे. तथापि, प्रयत्न नुसता भरपूर असून चालत नाही, तो योग्य ठिकाणी लागला पाहिजे, हे त्यातले तत्त्व विद्यार्थ्यालाही तितकेच लागू पडते. पुष्कळ विद्यार्थी चौघांपैकी तिसऱ्याच भागावर सारी शक्ती खर्च करतात. नवे पुस्तक, नव्या नोट्स, नवी प्रश्नपत्रिका यांच्या मागे ते धावतात. झालेली चूक दूर करण्याचे काम मात्र राहून जाते. आमच्या मते गुण अडून राहण्याचे मुख्य कारण हेच आहे.

चुकांची वही

आम्ही बँकेत काम करणारी माणसे. संध्याकाळी रोकड जुळली नाही, तर तीच रक्कम दहा वेळा मोजून भागत नाही. एकेक व्हाउचर तपासून फरक नेमका कुठे पडला, हे शोधावे लागते. सराव परीक्षेचेही असेच आहे. दहा परीक्षा देऊन फक्त गुण पाहण्यापेक्षा तीन परीक्षा देऊन त्यांतील प्रत्येक चूक तपासणे अधिक फायद्याचे असते.

ह्यासाठी एक दोनशे पानी वही करावी. प्रत्येक चुकलेल्या किंवा सोडलेल्या प्रश्नापुढे कारण लिहावे. कारणे साधारण चारच असतात: माहिती नव्हती, वाचण्यात चूक झाली, तर्कात चूक झाली, वेळ पुरला नाही. समजा, एखाद्या विद्यार्थिनीचे १२० पैकी ६४ प्रश्न बरोबर आले आणि ५६ गेले. वहीवरून तिला असे दिसले की, २० प्रश्न माहिती नसल्याने गेले, १४ "नाही", "वगळता" असे शब्द नजरेतून सुटल्याने, १० तर्क चुकल्याने आणि १२ वेळ न पुरल्याने. म्हणजे १४ आणि १२ मिळून २६ प्रश्न असे आहेत की, ज्यांसाठी तिला एकही नवी गोष्ट शिकायची नाही. ह्या २६ पैकी निम्मे जरी सुधारले, तरी १३ गुण वाढतील. हा हिशोब मांडला नाही, तर तीच मुलगी "माझे सामान्य ज्ञान कच्चे आहे" म्हणून महिनाभर सनावळ्या पाठ करीत बसेल.

वहीत लिहिलेला प्रश्न तीन दिवसांनी, मग आठवड्याने आणि मग तीन आठवड्यांनी पुन्हा सोडवावा. तिन्ही वेळा बरोबर आला, तरच त्यावर काट मारावी.

उत्तरसूची पाहण्यापूर्वी

सराव परीक्षा घड्याळ लावून द्यावी. वेळ संपताच उत्तरसूची उघडण्याचा मोह होतो, तो आवरावा. ज्या प्रश्नांबद्दल शंका होती ते सर्व प्रश्न वेळेचे बंधन न ठेवता, वेगळ्या रंगाच्या पेनाने पुन्हा सोडवावेत आणि मगच उत्तरे पडताळावीत. त्यामुळे दोन आकडे हाती येतात: वेळेतले गुण आणि निवांतपणे मिळालेले गुण. दोघांत मोठा फरक असेल, तर विषय समजला आहे, वेग कमी आहे. अशा विद्यार्थ्याने वेळ लावून लहान लहान सराव करावा. दोन्ही आकडे सारखेच कमी असतील, तर घाई करून उपयोग नाही. त्याने काही आठवडे घड्याळ बाजूला ठेवून पाया पक्का करावा. दोघांचा इलाज वेगळा आहे, म्हणून मैत्रिणीचे वेळापत्रक उतरवून घेण्यात अर्थ नाही.

तत्त्व धरून चालणे

कायदेविषयक प्रश्नात बहुधा एक तत्त्व दिलेले असते आणि एक घटना. उदाहरणार्थ, तत्त्व असे: "नोकराने नोकरीच्या कामाच्या ओघात केलेल्या चुकीला मालक जबाबदार असतो." घटना अशी: एका व्यापाऱ्याचा ड्रायव्हर रविवारी सुट्टीच्या दिवशी, मालकाला न विचारता, टेम्पो घेऊन नातेवाइकाच्या लग्नाला गेला आणि वाटेत त्याने एका सायकलस्वाराला धडक दिली. दिलेल्या तत्त्वानुसार मालक जबाबदार आहे काय?

आपली बरीच मुले "होय" लिहितात, कारण जखमी माणूस गरीब आहे आणि भरपाई देण्याची ऐपत मालकाची आहे. ही करुणा योग्यच आहे, पण उत्तर चुकीचे आहे. ड्रायव्हर नोकरीचे काम करीत नव्हता, म्हणून दिलेल्या तत्त्वाप्रमाणे मालक जबाबदार नाही. प्रत्यक्ष मोटार अपघाताच्या कायद्यात आणखी तरतुदी आहेत, परंतु प्रश्नात त्या दिलेल्या नाहीत. म्हणून आधी तत्त्वाचे तुकडे पाडावेत (नोकर, कामाचा ओघ, चूक) आणि प्रत्येक तुकडा घटनेत सापडतो का, ते पाहावे. एक जरी सापडला नाही, तरी तत्त्व लागू होत नाही.

तर्कशक्तीच्या प्रश्नातही हीच शिस्त लागते. "सर्व वकील पदवीधर आहेत, सुनीता पदवीधर आहे, म्हणून सुनीता वकील आहे" हे कानाला खरे वाटते, पण निष्पन्न होत नाही. केसपुत्त नगरातील कालामांना भगवंतांनी हेच शिकवले होते की, परंपरेने आले, ग्रंथात लिहिले किंवा मोठ्या माणसाने सांगितले, म्हणून स्वीकारू नका, तपासून पाहा. कालाम सुत्त मानणाऱ्या समाजातील मुलांना तर्काचा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

इंग्रजीची भीती

इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ केल्याने उतारा समजत नाही. रोज एक मोठी बातमी आधी मराठी वृत्तपत्रात वाचावी आणि तीच बातमी नंतर इंग्रजी वृत्तपत्रात वाचावी. विषय माहीत असल्याने अनोळखी शब्दांचा अर्थ आपोआप लागतो. मग पुस्तक मिटून "लेखकाचे म्हणणे काय?" हे दोन वाक्यांत लिहावे. चालू घडामोडींचा अभ्यासही त्यातच होतो. असे सहा महिने नेमाने केले, तर उताऱ्याची भीती उरत नाही.

राज्याच्या सीईटीत प्रश्न मराठीतही असतात, परंतु तेथे वेगळी अडचण येते. टॉर्टला "अपकृत्य", कॉन्ट्रॅक्टला "संविदा", कन्सिडरेशनला "प्रतिफल" हे शब्द घरच्या मराठीत आपण वापरत नाही. म्हणून कायद्याच्या शब्दांच्या मराठी-इंग्रजी जोड्या एका वहीत लिहून ठेवाव्यात.

जुनी पुस्तके जपून वापरा

जुन्या बाजारातील गाईडे स्वस्त मिळतात, पण सन पाहून घ्यावीत. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. जुनी कलमे पाठ करणाऱ्याचे कष्ट वाया जातील. संविधान मात्र मूळ पुस्तकातूनच वाचावे. कलम १४, १७, २१ आणि ३२, केशवानंद भारती खटला (१९७३), ४२ वी घटनादुरुस्ती (१९७६), ७३ वी घटनादुरुस्ती (१९९२) एवढ्यापासून आरंभ करावा.

अंदाजाने उत्तर द्यावे काय?

राज्याच्या सीईटीत गुण कापले जात नाहीत. तेथे एकही प्रश्न कोरा सोडू नये. क्लॅटमध्ये हिशोब करावा. चारपैकी एकही पर्याय बाद करता आला नाही, तर असे १६ प्रश्न सोडवून सरासरी ४ बरोबर येतील आणि १२ चुकतील. म्हणजे ४ मिळून ३ गेले, हाती एक गुण. त्यासाठी वेळ घालवण्यात अर्थ नाही. पण दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर अशा १२ प्रश्नांत सरासरी ६ बरोबर येतात आणि दीड गुण वजा होऊनही साडेचार उरतात. तेव्हा दोन पर्याय बाद झाले की, उत्तर द्यावेच. पर्याय बाद करण्याचा सरावही घरीच करावा लागतो.

कागदपत्रांची तयारी

दोन्ही परीक्षांसाठी अनुसूचित जातीच्या उमेदवारांना पात्रता परीक्षेत किमान ४० टक्के गुण लागतात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या बांधवांनाही केंद्राच्या सवलती मिळाल्या, परंतु जातीचे प्रमाणपत्र प्रवेश सूचनेत मागितलेल्या नमुन्यातच असावे लागते. राज्यातील राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्रही लागते. ही कामे निकालानंतर सुरू केली, तर चांगले गुण मिळूनही जागा हातची जाण्याचा धोका असतो. म्हणून अभ्यासाच्या पहिल्याच महिन्यात अर्ज करावेत.

सभासदांना विनंती

विद्यार्थी आपले काम करतील, पण काही कामे आपली आहेत. एका खोलीच्या घरात दोन तास सलग परीक्षा देणे कठीण असते. दर रविवारी सकाळी विहाराचे सभागृह दोन तास सराव परीक्षेसाठी मिळावे. सीईटी संगणकावर असल्याने ज्यांच्याकडे संगणक आहे, त्यांनी तो परीक्षेपूर्वीच्या महिन्यात अभ्यासिकेस वापरू द्यावा. वकिली करणाऱ्या सभासदांनी महिन्यातून एकदा येऊन मुलांच्या चुकांच्या वह्या पाहाव्यात. याला पैसा फारसा लागत नाही, सातत्य लागते.

विद्यार्थी मित्रहो, पहिल्या परीक्षेत कमी गुण आले म्हणून "हे आपले काम नव्हे" असा निष्कर्ष काढू नका. तो आकडा तुमच्या योग्यतेचा नाही, त्या दिवशीच्या तयारीचा आहे. आजच एक कोरी वही आणा आणि गेल्या सराव परीक्षेतील पहिली चूक तिच्यात लिहून काढा.

जय भीम!