पाचशे प्रती कोण घेणार?

१४ सप्टेंबर १९५६. दिल्लीतल्या २६, अलीपूर रोडवरच्या घरातून पंतप्रधान नेहरूंना एक पत्र गेलं. लिहिणारे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ लिहून पूर्ण झालं होतं, पण छपाईला सुमारे २०,००० रुपये लागणार होते आणि तेवढे त्यांच्याकडे नव्हते. बुद्ध जयंतीचं २५०० वं वर्ष होतं. सरकारने ग्रंथालयांसाठी आणि येणाऱ्या विद्वानांसाठी ५०० प्रती घ्याव्यात, एवढंच मागणं.

उत्तर लगेच आलं आणि अतिशय सभ्य भाषेत आलं : प्रकाशनांसाठी ठेवलेला पैसा संपला आहे.

राज्यघटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षाची ही गत, तर खेड्यातल्या पहिल्यांदा लिहिणाऱ्या पोराचं काय? ६ डिसेंबरला बाबासाहेब त्याच घरात गेले. पुस्तक १९५७ मध्ये निघालं, तेही त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडून. आज त्या जागी सरकारने स्मारक बांधलंय आणि त्याचा आकार आहे उघड्या पुस्तकाचा!

हा अनुभव त्यांना नवा नव्हता. १९२० मध्ये ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नव्हती. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने भाषणच रद्द केलं, तेव्हा त्यांनी ते स्वखर्चाने छापलं. १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. म्हणजे वाचक होता, दार बंद होतं.

अमेरिकेत २०१५ च्या एका पाहणीत प्रकाशन व्यवसायातले ७९ टक्के लोक गोरे निघाले. आपल्याकडे रंगाच्या जागी जात ठेवून पाहा. हस्तलिखित कोण वाचतं, परीक्षण कोण लिहितं, अनुवाद कुणाचा करायचा हे कोण ठरवतं? यातल्या कुणाच्या मनात द्वेष असावा लागतच नाही. ओळखीतून माणसं येतात, ओळखीची भाषा ‘चांगली’ वाटते आणि बाकीच्यांना ‘याला मार्केट नाही’ असं गोड शब्दांत सांगितलं जातं.

दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं. मराठी वाचकांनी ते डोक्यावर घेतलं. ते इंग्रजीत आलं २०१५ मध्ये, दिल्लीच्या स्पीकिंग टायगरकडून. ३७ वर्षं लागली!

ज्यांना दार उघडलं नाही, त्यांनी आपली दुकानं थाटली. दिल्लीत सम्यक प्रकाशन आहे. आणि खरा बाजार पाहायचा तर दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर जा. रात्रभर प्रवास करून आलेल्या बाया-माणसं फुटपाथवरच्या स्टॉलपुढे वाकून पुस्तकं निवडतात, पदराच्या गाठीतले पैसे मोजतात आणि पिशवी भरून परतीची गाडी पकडतात.